या घरात पुरुष नाही

बान नोंगखाम
बाराव्या महिन्याची पौर्णिमा होऊन पाच दिवस, बुद्ध संवत २५३३

चि. सुथिन,

आईचा आशीर्वाद. कामावरून आला असशील तर आधी जेवून घे, मग हे वाच. पत्र मोठं आहे आणि अक्षर माझं आहे, म्हणजे वाचायला वेळ लागणार. शाळेत मी चौथीपर्यंत गेले खरी, पण त्यातलं अर्धं वर्ष म्हशींमागे गेलं.

तुझं पत्र पोचलं. सिंगापूरची हवा दमट आहे, मुकादम बरा आहे, खोलीत आठ जण झोपता, सगळं वाचलं. पाण्याच्या सणाला येतो असं लिहिलंस, तेही वाचलं. त्यावर नंतर बोलू.

इकडे कापणी निम्मी झाली. पाऊस उशिरा थांबला, त्यामुळे खालच्या तुकड्यातलं भात आडवं झालं, वरचं छान उभं आहे. म्हातारी म्हैस अजून आहे. तिला आता फक्त तुझा बुनमा मामा आवडतो, मला शिंगं दाखवते. मासे यंदा पुष्कळ मिळाले. मीठ लावून, कोंडा घालून तीन रांजण भरून ठेवलेत. तुला तिकडे तो वास आठवून भूक लागते म्हणालास, आणि खोलीतले बाकीचे तुला हसतात. हसू देत. त्यांच्या आयांनी काय खाऊ घातलं असेल देव जाणे.

मामाचं सांगते, म्हणजे तुला जरा हसू येईल. गावात दीड महिना विधवेच्या भुताची धास्ती आहे. लहानपणी ऐकलं आहेसच, नवरा गेलेली बाई मेली की रात्री घरोघर पुरुष शोधत फिरते आणि झोपेतच घेऊन जाते. रात्री धडधाकट जेवलेला माणूस सकाळी उठतच नाही. मग काय, गावाने जुने उपाय सगळे बाहेर काढले. प्रत्येक कुंपणाला लाल सदरा टांगला. ज्यांच्याकडे लाल नव्हता त्यांनी पांढरा रंगवला. बाप्ये झोपताना बायकोचं लुगडं नेसतात, नखांना लाल रंग लावतात. सरपंचाने तर ओठही रंगवले होते आणि सकाळी पुसायचं विसरून तालुक्याच्या कचेरीत गेला. साहेब म्हणाला, "आज फारच नटून आलात."

आणि वेशीवर, दारावर, गोठ्यावर लाकडाचं ते टांगायचं असतं. पुरुषाचं. म्हणजे ती त्यातच रमते आणि माणसाला सोडते. हे कोरायचं काम मामाकडे आलं. आयुष्यभर औताचे दांडे करणारा माणूस, त्याच्या कलेला आत्ता कुठे वाव मिळाला. हातभर लांब, लाल टोकाचे, एकेक घासून गुळगुळीत. शेजारची सेंगला म्हणाली, "बुनमा, माप कुठून घेतलंस रे? तुझ्या बायकोने तर कधी असं काही सांगितलं नाही." मामा म्हणतो, "वहिनी, हे भुताला घाबरवायला आहे. बायकोला घाबरवून मला काय मिळणार?" विहारातले भन्ते त्या रस्त्याने जाताना आता आकाशाकडे बघत चालतात.

हसलास ना? बरं. आता पुढचं.

खामला गेला. तुझा मित्र खामला, सेंगलाचा जावई. एका रात्री झोपला तो उठलाच नाही. त्याच्या आधी पलीकडच्या गावातला एक जण गेला होता, पण तो आपल्या ओळखीचा नव्हता, आणि मेलेला माणूस आपला वाटतो, तो ओळखीचा असला तरच. खामलाची बायको सहा महिन्यांची गरोदर आहे. सेंगला एवढी बोलघेवडी, आता दारात बसून नुसती शेंगा सोलते. मला तिच्याकडे बघवत नाही. त्याचं कारणही या पत्रात येईल. जरा वेळ दे मला.

प्रत्येक घरावर पाटी आहे, "या घरात पुरुष नाही." आत तीन-तीन पुरुष घोरत असतात आणि बाहेर ही पाटी. माझ्याकडे पाहून लोक म्हणाले, तुला पाटी कशाला, तुझ्या घरात खरंच कोणी नाही. त्यांना ठाऊक नाही की गावातली पहिली पाटी माझी. पावसाळ्याच्या सुरुवातीला, आठव्या महिन्यात लावलेली, अजून कोणाच्या डोक्यात भूत नव्हतं तेव्हा.

मामाच्या रेडिओवर ऐकलं होतं, की तिकडे परदेशात आपल्याकडचे मजूर रात्री झोपतात आणि उठत नाहीत. तरणीताठी पोरं. डॉक्टरांना कळत नाही. मला कळलं. आमच्या आजीच्या वेळेपासून आम्हा बायकांना ते कळतं. मी त्याच दिवशी लाल सदरा टांगला, पाटी लावली, आणि आजीने सांगितलेलं ते जुनं, मोठं बंधन घालायचं ठरवलं. नुसती पाटी जवळच्या भुताला. दूरच्या माणसाला वाचवायचं तर तोंडाने म्हणावं लागतं. तिन्हीसांजेला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं, केस सोडायचे आणि मोठ्याने तीनदा म्हणायचं, "या घरात पुरुष नाही. जो होता तो मेला." भुताला पटलं पाहिजे, म्हणून रडत म्हणायचं. आणि म्हटल्यावर तीन दिवस ते मागे घ्यायचं नाही. घरातल्या माणसालाही खरं सांगायचं नाही. एक शब्द जरी निघाला तरी भुताला कळतं, आणि मग ते आधी त्यालाच शोधायला जातं, ज्याला आपण लपवलं.

मी म्हटलं. तीनदा म्हटलं. आणि रडायला मला काही नाटक करावं लागलं नाही, तू दोन वर्षं डोळ्यांसमोर नव्हतास.

डोळे पुसून खाली बघते, तर जिन्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या रांजणाजवळ तुझी फिकुन उभी. लावणी करून आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पाय धुवायची करवंटी.

सुथिन, बाळा, मला हे कसं लिहायचं ते कळत नाही म्हणून सरळ लिहिते. फिकुन गेली. आठव्या महिन्यातच गेली. आज चार महिने झाले.

गेली तीन पत्रं तुला जी तिच्या नावाने आली ती मी लिहिली. आधी माझी पत्रं ती लिहायची, मग तिची मी लिहिली. अक्षर ओळखशील या भीतीने मीच लिहिलं, की विळ्याने बोट कापलं म्हणून अक्षर वाकडं येतंय. तू लगेच मलम पाठवलंस. हिरव्या झाकणाची डबी, आणि चिठ्ठी, रोज रात्री लाव, पाण्यात हात घालू नको, आईला सांग तांदूळ ती धुवेल. ती डबी हातात घेऊन मी दिवसभर बसले होते. मग दुसरं पत्र लिहिलं, की बोट बरं आहे. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

ती कशी गेली ते तुला कळायला हवं.

ती आपल्याकडची नव्हती ना. आपल्यात मुलगा सासरी जाऊन राहतो, पण तिला ना आई ना बाप, ना जायला घर, म्हणून तू रीत उलटी करून तिला इथे आणलंस. ती मून नदीच्या पलीकडची, त्यांच्यात हे बंधन नाही. तिला कसं कळावं? तिने जे ऐकलं ते खरं मानलं. सासू केस सोडून रडत सांगते आहे, जो होता तो मेला.

तिने मला विचारलं, "आई, पत्र आलं का?"

मी सोडलेले केस बांधायला लागले.

"कोणी निरोप आणला?"

तोंड मिटून घेतलं. तीन दिवस, मी मनात म्हटलं, फक्त तीन दिवस, चौथ्या दिवशी तिला जवळ घेऊन सगळं सांगेन आणि दोघी हसू. तिने करवंटी खाली ठेवली. आत गेली आणि पांढरं कापड गुंडाळून आली. ओरडली नाही, पडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावणीला गेली, भर पावसात, दिवसभर न जेवता. संध्याकाळी अंग तापलं. मी पाला उकळून दिला, तर म्हणाली, "राहू दे आई, आता कशाला." रात्रभर मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. जिभेच्या टोकावर दोन शब्द होते, तो जिवंत आहे, एवढेच. पण मी आई आहे. मला वाटलं, हिला ताप आलाय, ताप उतरेल, आणि बोलले तर तिकडे माझा मुलगा उठणार नाही. मी तुला निवडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. चौथा दिवस उजाडेपर्यंत तिने धीर धरला नाही.

गावाला मी सांगितलं, सुथिनला कळवलंय, त्याला सुट्टी मिळत नाही. तुझ्या मामालाही हेच. विहारात तिला अग्नी दिला, तिथे बकुळीखाली. तीच बकुळ, जिथे तू तिला थांब म्हणालास आणि मित्रांबरोबर मासे पकडायला जाऊन विसरलास, आणि ती सकाळपासून अंधार पडेपर्यंत तिथेच थांबली होती. तेव्हा मी तुला म्हटलं होतं, अशी मुलगी पुन्हा मिळायची नाही, कर लग्न. तिचं नावही त्याच फुलाचं.

पुढचं तुला कळलंच असेल. गावाला जिची धास्ती आहे ती विधवा आपलीच आहे. आणि ती विधवा नाहीच, सुथिन. तिचा नवरा धडधाकट आहे आणि हे पत्र वाचतो आहे. तिला विधवा मी केलं, नुसत्या तोंडाने.

पहिल्यांदा आली तेव्हा दिवेलागण होत होती. मी ओट्यावर भात पाखडत होते. कुंपणाबाहेर, लाल सदऱ्याच्या पलीकडे उभी राहिली. पांढरं कापड, पाय तसेच चिखलाचे. लाल तिला ओलांडता येत नाही. तिने पाटी वाचली, मग मला हाक मारली. "आई, घरात कोणी आहे का हो?"

मी घाबरून पाटीवरचंच म्हटलं. "पुरुष नाही."

"बरं," म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली. दुसऱ्या दिवशी खामला उठला नाही.

त्या रात्री सेंगलाने घाईत पाटी लावली होती, पण सदरा रंगवून वाळायचा होता. आणि खामलाच्या अंगात तुझा जुना निळा सदरा होता, खिशाला शिवण घातलेला. मीच दिला होता त्याला कापणीसाठी. सेंगलाला अजून ठाऊक नाही. तिच्याकडे बघवत नाही म्हटलं ते यासाठी.

सात दिवस मी विचार केला. आठव्या दिवशी संध्याकाळी मी कुंपणाचा सदरा काढला, मामाचं ते लाकूडही काढून म्हशीच्या गव्हाणीत लपवलं, रांजण भरला, करवंटी वर ठेवली आणि पायरीवर बसले. ती आली. आत आली. नेहमीसारखे दोन करवंट्या पाण्याने पाय धुतले, आधी उजवा मग डावा, आणि माझ्याखालच्या पायरीवर बसली. बकुळीच्या सुकल्या फुलांचा वास आला. मला भीती वाटली नाही म्हटलं तर खोटं होईल. पण भीतीपेक्षा जास्त असं वाटलं, की पोर किती वाळली.

"आई, ते सापडत नाहीत," ती म्हणाली. "मी घरोघर बघते. अंधारात चेहरा ओळखायला अगदी जवळ जावं लागतं. आणि जवळ गेले की माणूस उठतच नाही. असं का होतं?"

तिला ठाऊकच नव्हतं.

"खामलाभावजींच्या अंगात त्यांचा सदरा होता. मला वाटलं, सापडले."

"फिकुन, सुथिन जिवंत आहे," मी म्हटलं.

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. "मग त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते?"

"खोटं होतं. भुताला फसवायला. त्याच्या जिवासाठी."

तिने खाली आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं आता मला नेईल, आणि नेलं असतं तर मी गेले असते. मग हळूच म्हणाली, "मला सांगायचं होतंत ना, आई. मीही तुमच्याबरोबर म्हटलं असतं."

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला आज झोप तरी लागली असती.

मग विचारलं, "कधी येणार?"

येणार नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा घरोघर फिरली असती. मी म्हटलं, "येतोय. निघालाच आहे. तू इथेच थांब."

"थांबते," ती म्हणाली. आणि थांबली. थांब म्हटलं की ती कशी थांबते ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आज सत्तावीस दिवस झाले, आसपास कोणी गेलं नाही. गाव म्हणतं मामाच्या लाकडांचा गुण आहे. मामा छाती काढून फिरतो, दुसऱ्या गावाहूनही मागणी आली आहे. रोज तिन्हीसांजेला पाय धुतल्याचा आवाज येतो, मग ती पायरीवर बसते, मी चिकट भाताचा गोळा आणि तिखट तिच्यापुढे ठेवते. ती खात नाही पण वास घेते. रस्त्याकडे बघत बसते. धूळ उडाली की मान वर करते. उजाडायच्या आत जाते.

आता तुझ्या येण्याचं. मी इतका वेळ टाळलं.

बाळा, तू येऊ नकोस. पाण्याच्या सणाला नको, पुढच्या वर्षी नको, मी आजारी पडले असं कोणी कळवलं तरी नको. ती तुला मुद्दाम काही करणार नाही. ती फक्त चेहरा बघायला जवळ येईल. तू तिला बघून पळणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. म्हणून सांगते, येऊ नकोस. जाणत्या म्हातारीला मी आडून विचारलं, अशीला सोडवता येतं का? ती म्हणाली, जिचा माणूस भेटला ती त्याला घेऊन सुटते, जिला भेटला नाही तिचं वाट बघणं हेच बंधन. म्हणजे तू लांब आहेस तोवर गाव सुखरूप, तूही सुखरूप.

तुझ्यासाठी मी चटई झाडून ठेवली होती. तुझ्या पत्रात येतो हा शब्द आला त्या दिवशी पहिला विचार मनात आला तो चटईचाच. ती पुन्हा गुंडाळून ठेवली. तुझ्या कानामागे तो व्रण अजून दिसतो का, केस पांढरे व्हायला लागले का, हे मला कोण सांगणार? एखादा फोटो काढून पाठव. दोन पाठव. एक तिला दाखवीन, चेहरा लांबून बघून झाला तर कदाचित तिचं मन शांत होईल. आणि तिकडे कोणी चांगली मुलगी भेटली तर लग्न कर. ते मात्र कुठल्याच पत्रात लिहू नकोस, मी समजून घेईन.

यापुढे दर महिन्याला दोन पत्रं लिही, एकाच पाकिटात. एक माझं. त्यात खरं खरं लिही, काय जेवलास, किती दमलास, माझ्यावर किती रागावला आहेस. दुसरं तिचं, तिच्या नावाने, तुझ्या हाताने. तिच्या पत्रात लिही की येतो. काम थोडं राहिलंय, जरा थांब, येतो. दर वेळी येतो असंच लिही. माझ्या पत्रात तो शब्द लिहू नकोस, मला सहन होणार नाही.

तिचं पत्र मी पायरीवर बसून मोठ्याने वाचीन. वाचताना ते मलाही ऐकू येईल. तेवढं पुरे.

मलमाची डबी तिच्या नावाने आली होती, म्हणून तिच्याजवळ पायरीवर ठेवली आहे. झाकण मी उघडलेलं नाही.

पाण्यात भिजू नकोस. झोपताना पांघरूण घे.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींपैकी एक,
आई